बांधकामाचा माल उशिरा का येतो?



पावसाळा तोंडावर आला आणि गोदामाचे काम सळीवाचून अडले, की आपण ट्रकवाल्याला दोष देतो. पण आपली उसाची गाडी आठवा. फडातून कारखान्यापर्यंत यायला एक तास, आणि नंबर लागेपर्यंत यार्डात रात्रभर उभी! बांधकामाच्या मालाचेही पुष्कळदा तसेच होते. तो रस्त्यावर थोडा आणि टेबलावर जास्त थांबतो.

आपल्या नागपूरच्या मेट्रोचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये पूर्ण झाला. तिच्या पुलाचे काँक्रीटचे भाग यार्डात ओतायचे आणि ट्रेलरने आणून वर बसवायचे. एक भाग रखडला की मागचे सारे खोळंबले. महामेट्रोने या कामाचे आराखडे संगणकावर मांडले आणि त्यांना वेळ व खर्च यांची जोड दिली. याच वाटेने पुढे जाऊन माल येण्याचीही रंगीत तालीम करता येते. तिला सिम्युलेशन म्हणतात.

संगणक नसला तरी अडत नाही. तीन डबे घ्या. समजा, सळीच्या मागणीला मंजुरी मिळायला २ ते १० दिवस लागतात, पुरवठादाराकडे माल तयार व्हायला ५ ते ७ आणि वाहतुकीला २ ते ४. प्रत्येक आकड्याची एकेक चिठ्ठी त्या त्या डब्यात टाका. दर डब्यातून एक चिठ्ठी काढा, बेरीज लिहा, चिठ्ठ्या परत टाका. असे शंभरदा करा.

सरासरी १५ दिवस येईल. म्हणून कुणी १५ दिवस आधी मागणी केली, तर शंभरात सुमारे ४४ वेळा त्याचा माल उशिरा येईल.

आता ट्रक पळवा. वाहतूक नेहमी २ दिवसांत झाली, तरी सुमारे ३३ वेळा उशीर आहेच. उलट, ट्रक पहिल्यासारखाच चालू द्या आणि मंजुरी तेवढी २ ते ४ दिवसांत आणा. जास्तीत जास्त १५ दिवस लागतील. उशीर एकदाही नाही!

मात्र चिठ्ठीवरचे आकडे मनाने घालू नयेत. मागणीची, मंजुरीची आणि माल उतरल्याची तारीख स्टोअरच्या वहीतून काढावी. पावसाळ्यातल्या चिठ्ठ्या वेगळ्या ठेवाव्यात.

छप्पर वेळेत पडले नाही तर साखरेची पोती भिजतात, आणि तो तोटा शेवटी सभासदाच्याच पदरात पडतो. तेव्हा "ट्रक कुठवर आला?" असे विचारण्याआधी "कागद किती दिवस टेबलावर होता?" हे विचारायला शिकू या.