डाग वरचा की आतला?

प्लास्टिकचं विमान जोडणाऱ्याला खरी धास्ती असते ती शेवटच्या टप्प्याची. पंख, चाकं, रंग, सगळं मनासारखं झालेलं असतं. वैमानिकाच्या डोक्यावरची पारदर्शक कॅनॉपी तेवढी बसवायची उरते. झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा थेंब लावून, धूळ बसू नये म्हणून विमान डब्याखाली झाकून ठेवावं, तर सकाळी कॅनॉपीवर पांढुरका थर धरलेला! वर त्यात आपल्याच बोटांचे ठसे उमटलेले.

हा गोंद म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट. द्रवरूपात त्याचे रेणू सुटे असतात. ओलावा मिळाला की ते साखळ्यांमध्ये गुंफले जातात आणि घट्ट होतात. मात्र काही रेणू सांध्यात थांबत नाहीत. ते वाफ होऊन उडतात, शेजारच्या पृष्ठभागावर बसतात आणि तिथेच पांढरे कण होऊन राहतात. झाकलेल्या डब्यात ही वाफ कोंडते, म्हणून थर जास्त धरतो. बोटांच्या ठशांवर तर ती हमखास जमते. गुन्ह्याच्या तपासात डोळ्यांना न दिसणारे ठसे उठवायला याच वाफेचा उपयोग करतात.

गंमत अशी, की या गोंदाचं कुळ कॅनॉपीपर्यंतच जातं. १९५१ मध्ये ईस्टमन कोडॅक कंपनीचे हॅरी कूव्हर आणि त्यांचे सहकारी अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात जेट विमानांच्या कॅनॉपीसाठी उष्णता सोसणारं प्लास्टिक शोधत होते. फ्रेड जॉयनर यांनी एका सायनोअ‍ॅक्रिलेटचा अपवर्तनांक, म्हणजे त्यात शिरताना प्रकाश किती वळतो याचं माप, मोजण्यासाठी त्याचा थर दोन प्रिझमच्या मध्ये दिला आणि महागडे प्रिझम एकमेकांना चिकटून बसले. कॅनॉपी राहिली बाजूला. १९५८ मध्ये बाजारात आला तो गोंद.

आता दुरुस्तीकडे वळू. त्यासाठी पांढरेपणा म्हणजे काय, हे आधी पाहायला हवं. किटमधली कॅनॉपी बहुधा पॉलिस्टायरिनची असते. तिचा अपवर्तनांक सुमारे १.५९, हवेचा जवळपास १. या दोन आकड्यांत जितका फरक, तितका जास्त प्रकाश सीमेवरून परत फिरतो. हवेतून पॉलिस्टायरिनवर सरळ पडलेल्या प्रकाशापैकी ५ टक्के परत फिरतो. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर तो एका दिशेनं जातो आणि आपल्याला चकाकी दिसते. खडबडीत असेल तर प्रकाश वाटेल तिकडे फेकला जातो. या विकिरणामुळेच कॅनॉपी धुरकट दिसते. थोडक्यात, बहुतेक वेळा बिघाड प्लास्टिकच्या पोटात नसून प्लास्टिक आणि हवा यांच्या सीमेवर असतो.

याची परीक्षा सोपी आहे. धुरकट जागेवर पाण्याचा थेंब ठेवा. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ असल्यामुळे पाणी आणि पॉलिस्टायरिनच्या सीमेवरचं परावर्तन ०.८ टक्क्यावर येतं. न्हाणीघराच्या खिडकीच्या दुधी काचेवर, खरबरीत बाजूनं, पारदर्शक चिकटपट्टी लावली की पलीकडचं दिसू लागतं, तसाच हा प्रकार. थेंबाखाली कॅनॉपी स्वच्छ दिसली, तर डाग वरचा आहे आणि इलाज आपल्या हातात आहे.

पहिला इलाज घासण्याचा. २००० नंबरच्या वॉटर पेपरचे कण साधारण १० मायक्रोमीटरचे असतात. १:७२ प्रमाणाच्या विमानावर एवढा रुंद ओरखडा म्हणजे खऱ्या विमानावर ०.७ मिलिमीटरची रेघ. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर; पृष्ठभागाचा खडबडीतपणा त्याहून बराच खाली गेला, की चकाकी परतते. म्हणून वॉटर पेपरनंतर अधिकाधिक बारीक कापड आणि शेवटी पॉलिशची पेस्ट, अशी पायरीपायरीनं उतरंड धरावी लागते. घासताना पाणी हवंच. ते भुकटी वाहून नेतं आणि घर्षणाची उष्णताही शोषतं.

सुखोई-३० करणाऱ्यांना तर कधी कधी डाग नसतानाही घासावं लागतं. ओझरच्या कारखान्यात तयार झालेल्या या विमानाची कॅनॉपी मध्ये फुगीर आणि खाली अरुंद आहे. असा आकार साध्या दोन भागांच्या साच्यातून सुटत नाही. मग साचा मधोमध विभागतात आणि अनेक किटमध्ये कॅनॉपीच्या माथ्यावर एक बारीक कंगोरा राहतो.

दुसरा इलाज भरण्याचा. पाण्यात मिसळलेल्या चकचकीत अ‍ॅक्रिलिक वार्निशमध्ये कॅनॉपी बुडवून, जादा द्रव कागदानं टिपून ती वाळवायची. अमेरिकेतले हौशी लोक वर्षानुवर्षं फरशीचं ‘फ्यूचर’ नावाचं पॉलिश यासाठीच वापरत. अ‍ॅक्रिलिकचा अपवर्तनांक १.५ च्या आसपास असतो. त्यामुळे ते खाचांमध्ये भरलं, की तिथलं परावर्तन ०.१ टक्क्यावर येतं. खाच जागेवरच राहते, प्रकाशाला मात्र ती जवळजवळ सापडत नाही.

विमानाच्या बाकी अंगालाही हाच नियम लागू पडतो. खरबरीत रंगावर डेकल, म्हणजे खुणांचं चिकटचित्र, लावलं की खाली हवा अडकते आणि चंदेरी डाग दिसतात, म्हणून आधी चकचकीत वार्निश द्यायचं. शेवटी मॅट वार्निश देतात ते मुद्दाम विकिरण घडवण्यासाठी. त्या वेळी कॅनॉपी झाकलेलीच हवी. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात लॅकर फवारलं, तर उडून जाणारा द्रावक पृष्ठभाग थंड करतो, त्यावर दव धरतं आणि तिथेही पांढुरकी झाक येते.

थेंबाखालीही रेघा चमकत राहिल्या, तर मात्र डाग आतला. साच्यात थंड होताना प्लास्टिकमध्ये ताण साठतो. तो पाहता येतो: संगणकाचा एलसीडी पडदा पांढरा ठेवा, पोलराइज्ड गॉगल अंधार दिसेपर्यंत फिरवा आणि मध्ये कॅनॉपी धरा. ताणाच्या जागी रंगीत पट्टे दिसतील. अशा जागी तीव्र द्रावकाचा गोंद लागला, की ताण सूक्ष्म तडा होऊन बाहेर पडतो. तिथे ना पॉलिश पोहोचत, ना वार्निश. म्हणून कॅनॉपीला फेव्हिकॉलच्या जातीचा पांढरा गोंद बरा. त्यातलं फक्त पाणी उडतं आणि सांडलेला गोंद ओल्या फडक्यानं पुसता येतो.

तडा गेलेली कॅनॉपी टाकून देण्याआधी तिच्यात प्लास्टर भरून साचा करावा. तापवून मऊ केलेला पारदर्शक पत्रा त्यावर दाबला, की नवी कॅनॉपी तयार होते. किटमधल्या कॅनॉपीची १ मिलिमीटर जाडी १:७२ च्या हिशेबानं ७.२ सेंटिमीटर होते. लढाऊ विमानाच्या मानानं ती फारच जाड. पाव मिलिमीटरचा पत्रा वापरला तर हिशेब १.८ सेंटिमीटरवर येतो. म्हणजे मोडलेल्या कॅनॉपीपेक्षा घरी केलेली ही नवी कॅनॉपीच खऱ्या विमानाच्या अधिक जवळची ठरते.