वसतिगृह आणि घराचें दार

मुंजींत बटु भिक्षावळीस निघाला कीं घरांतील बायकांचे डोळे पाणावतात. दुसऱ्या दिवशीं तोच बटु आपल्या ओसरीवर गोट्या खेळत असतो! 'उपनयन' म्हणजे गुरूच्या जवळ नेणें आणि 'समावर्तन' म्हणजे विद्या संपादून घरीं परतणें. मुंज व सोडमुंज आपण राखली. मधला वियोग तेवढा गाळला. तो खरोखर सोसतात ते वसतिगृहांतील मुलांचे आईबाप.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत शेगांव येथें जवाहर नवोदय विद्यालय आहे. या शाळांचा आरंभ १९८५-८६ सालीं हरियाणांतील झज्जर व आपल्या वऱ्हाडांतील अमरावती या दोन ठिकाणीं झाला. परीक्षेनें निवडलेलीं मुलें सहाव्या इयत्तेंत तेथें राहावयास येतात. निदान पाऊणशें टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. एक तृतीयांश मुलींच्या. नववींतील कांहीं विद्यार्थी तर वर्षभर परभाषी प्रांतांतील नवोदयांत जाऊन राहतात.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या मुलास माणसांची सवय असते, पण कामाची असतेच असें नाहीं. आजी पाणी देते, काकू ताट उचलते, हरवलेली टोपी आई शोधते. वसतिगृहांत अंथरूण आपण घालावें, कपडे आपण धुवावे, आणि शेजारच्या खाटेवरील मुलगा आजारी पडला तर त्याच्या उशाशीं बसावें, हें कोणी न शिकवितां येतें. १९२४ सालीं कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं साताऱ्यास वसतिगृह काढून सर्व जातिधर्मांचीं मुलें एका पंक्तीस बसविलीं. त्या पंक्तींत जें शिक्षण झालें, तें कोणत्याहि क्रमिक पुस्तकांत नव्हतें.

परंतु नाण्यास दुसरी बाजू आहे, आणि ती सांगतांना मला स्वतःचाच दोष कबूल केला पाहिजे. तरुणपणीं मी एका शाळेच्या वसतिगृहाचा अधीक्षक होतों. मुलांचीं पत्रें वाचूनच टपालांत टाकण्याचा माझा नेम असे. एका नव्या मुलानें लिहिलें होतें, 'रात्रीं भीति वाटते, मला न्यावयास या.' घरच्यांस उगीच काळजी नको, म्हणून मीं त्याजकडून पत्र पुन्हां लिहवून घेतलें. त्यापुढें त्याच्या प्रत्येक पत्रांत एकच ओळ येऊं लागली: 'मी खुशाल आहें.' मुलगा रुळला, असें मीं समजलों.

दिवाळीस घरीं गेलेला तो मुलगा परत आलाच नाहीं. त्याची पेटी न्यावयास वडील आले, ते एवढेंच म्हणाले, "गुरुजी, त्यानं आमाले काहीच लेहेलं नाही." मजजवळ उत्तर नव्हतें, आजहि नाहीं.

म्हणून ज्या घरांत असा विचार चालला असेल, त्यांस माझें सांगणें इतकेंच. मुलास अवश्य पाठवा. आधीं मात्र तेथील भोजनगृह व शौचकूप स्वतः पाहा. रात्रीं मुलांजवळ कोण असतें, हें विचारा. भेटीच्या दिवशीं गुणांची चौकशी मागाहून करा. प्रथम शेजारच्या खाटेवरील मुलाचें नांव विचारा. आणि मुलगा रडला, तर "एवढा मोठा झालास, रडतोस काय?" असें म्हणूं नका. जें बोलावेंसें वाटतें तें घरीं ऐकलें जाईल, हा भरंवसा ज्या मुलास आहे, तोच दूर राहून धीट होतो.