जामीन म्हणजे सुटका नव्हे

बालकावरील अत्याचाराच्या गुन्ह्यातील आरोपी काही महिन्यांनी जामिनावर गावात परततो, तेव्हा ‘तो सुटला’ अशी वार्ता पसरते. पीडित बालकाचे कुटुंब खचते, साक्षीदार कचरतात आणि ‘आता मिटवून टाका’ असा आग्रह सुरू होतो. हा सारा अनर्थ एका गैरसमजातून उद्भवतो. जामीन म्हणजे निर्दोषत्वाचा निर्णय नव्हे. खटल्याचा निकाल लागेपर्यंत अटींवर दिलेली ती तात्पुरती मोकळीक होय.

राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदाने प्रत्येक व्यक्तीस स्वातंत्र्याची हमी दिली आहे. अपराध सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष मानला जातो. म्हणूनच जामीन हा नियम व तुरुंग हा अपवाद, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली मांडले. मात्र गुन्हा जितका गंभीर, तितकी हे तत्त्व लागू करताना न्यायालयास अधिक सावधगिरी बाळगावी लागते.

कायद्याची चौकट

‘बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२’ हा ‘पोक्सो’ या नावाने परिचित असलेला कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आला. १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती या कायद्यान्वये बालक ठरते. यातील खटले विशेष न्यायालयापुढे चालतात. जामिनासाठी मात्र सर्वसाधारण फौजदारी प्रक्रियाच लागू होते. १ जुलै २०२४ पासून ही प्रक्रिया ‘भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३’ मध्ये अंतर्भूत आहे. १६ वर्षांखालील मुलीवरील बलात्कार आणि १८ वर्षांखालील मुलीवरील सामूहिक बलात्कार या गुन्ह्यांत या संहितेने अटकपूर्व जामिनाचा मार्ग बंद केला आहे. याच गुन्ह्यांत नियमित जामिनाच्या सुनावणीस फिर्यादी किंवा त्याने प्राधिकृत केलेली व्यक्ती उपस्थित असणे बंधनकारक आहे.

न्यायालय काय पाहते?

जामिनाच्या वेळी न्यायालय पुराव्याची अंतिम छाननी करीत नाही. आरोपात प्रथमदर्शनी तथ्य आहे काय, शिक्षा किती कठोर आहे, आरोपी पळून जाण्याचा, पुरावा नष्ट करण्याचा अथवा साक्षीदारांना धमकावण्याचा संभव आहे काय, हे पाहिले जाते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२० मधील एका निर्णयात बालकाचे वय, आरोपीचे वय, दोघांच्या वयांतील अंतर, नाते आणि धमकी वा हिंसा या बाबीही विचारात घेतल्या. आरोपी नात्यातील, शेजारचा किंवा शिक्षक असेल, तर बालकावर दबाव येण्याची भीती साहजिकच वाढते.

जामीन दिल्यास न्यायालय अटी घालू शकते: त्या गावात वास्तव्य करू नये, पीडितेशी वा साक्षीदारांशी संपर्क साधू नये, पोलीस ठाण्यात हजेरी द्यावी. अटींचा भंग झाल्यास जामीन रद्द होऊ शकतो. आरोपीची पीडितेशी भेट घडविणारी किंवा तडजोड सुचविणारी अट घालू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये बजावले.

एक जामीन मात्र गुणदोषांवर अवलंबून नसतो. दहा वर्षे वा अधिक कारावास, जन्मठेप किंवा मृत्युदंड यांस पात्र असलेल्या गुन्ह्यांत ९० दिवसांत दोषारोपपत्र दाखल न झाल्यास, जामीन देण्यास तयार असलेल्या आरोपीस तो मागण्याचा हक्क प्राप्त होतो. इतर गुन्ह्यांत ही मुदत ६० दिवसांची आहे. तपासातील दिरंगाईची किंमत अशा रीतीने पीडित कुटुंबास मोजावी लागते.

गावाचे कर्तव्य

आरोपी जामीन मागतो, तेव्हा ते कळण्याचा व आपले म्हणणे मांडण्याचा पीडित पक्षास अधिकार आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये यासंबंधी निर्देश दिले. अधिनियमाच्या ४० व्या कलमान्वये कुटुंबास पसंतीचा वकील देता येतो. ऐपत नसल्यास विधी सेवा प्राधिकरण वकील पुरविते. ही माहिती कुटुंबापर्यंत पोहोचविणे हे पंचायत सदस्यास सहज शक्य आहे.

बालकाचे वय हा खटल्याचा कणा होय. ते ठरविताना शाळेचा जन्मतारखेचा दाखला अथवा मॅट्रिकचे प्रमाणपत्र, ते नसल्यास पंचायत वा नगरपालिकेचा जन्मदाखला आणि दोन्ही नसल्यासच वैद्यकीय चाचणी, असा क्रम कायद्याने घालून दिला आहे. शाळेच्या नोंदवहीतील एक निष्काळजी तारीख न्यायाचे पारडे फिरवू शकते.

गुन्ह्याची माहिती असूनही पोलिसांना न कळविणे हा स्वतंत्र अपराध आहे. गावकीने तडजोड घडवून असा गुन्हा मिटत नाही. शिक्षकाविरुद्धच्या एका प्रकरणात तडजोडीच्या आधारे रद्द झालेला गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा कायम केला.

जामिनावर आलेल्या आरोपीस त्रास देण्याचा गावास अधिकार नाही. तसेच पीडित बालकास एकटे पाडण्याचाही नाही. बालक निर्भयपणे शाळेत जाऊ शकले आणि साक्षीदार न्यायालयापर्यंत पोहोचू शकले, तरच आरोपीचे स्वातंत्र्य व बालकाचा न्याय ही दोन्ही मूल्ये एकाच वेळी जपली जातील.