परळचा शोध आणि परसातील पालेभाजी

डॉ. ल्यूसी विल्स यांनी १९२८ सालापासून मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेतून, गिरणी कामगार स्त्रियांना गरोदरपणी जडणाऱ्या एका पांडुरोगाचा अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, असे त्यांनी १९३१ साली दाखवून दिले. १९४१ साली पालकाच्या पानांतून मिळविलेले फोलिक आम्ल हेच त्यातील गुणकारी द्रव्य, असे पुढे निष्पन्न झाले.

हे जीवनसत्त्व पालेभाज्या व कडधान्ये यांत असते. भाजी फार शिजविल्याने किंवा तिचे पाणी ओतून दिल्याने ते वाया जाते. यास्तव भाजी आधी धुवावी, मग चिरावी व थोड्या पाण्यात झाकून शिजवावी. गरोदरपणी मात्र केवळ आहारावर विसंबू नये. आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोह व फोलिक आम्लाच्या गोळ्या नियमित घेण्यास ग्रामसेवकांनी अशा भगिनींना अवश्य सांगावे.