भाचीची सुट्टी आणि खाडीचे वेळापत्रक

आमची भाची सांगलीला असते. मे महिन्याच्या सुट्टीत ती आमच्याकडे घोडबंदरला आली आणि पहिल्याच संध्याकाळी तिने विचारले, "मामा, शाळेत गेलं नाही तर चालतं का?" तिला आठवीत जायचे होते. गुण चांगले होते आणि तक्रार कोणाविरुद्धच नव्हती. "काही विचारायचं मनात येतं, तोवर तास संपतो," एवढेच तिचे म्हणणे. रात्री तिच्या आईचा फोन आला, "दादा, तिला जरा समजाव."

समजवायचे काय, हा आमच्यापुढे प्रश्न होता. संशोधनात आयुष्य घालवणाऱ्या माणसाला तिचे म्हणणे चूक आहे असे म्हणणे अवघडच. प्रयोगशाळेत एखादा प्रश्न महिनोन्‌महिने टेबलावर पडून राहतो, पस्तीस मिनिटांनी घंटा वाजत नाही. म्हणून आम्ही तिला जे आहे ते सांगायचे ठरवले.

अमेरिकेतील शिक्षक जॉन होल्ट यांनी १९७७ च्या सुमारास 'अनस्कूलिंग' हा शब्द वापरात आणला. घरी शाळा भरवणे म्हणजे अनस्कूलिंग नव्हे. तिथे वेळापत्रक व पाठ्यपुस्तक घरात येते, शिक्षकाच्या जागी आई किंवा वडील येतात. अनस्कूलिंगमध्ये काय, केव्हा आणि किती वेळ शिकायचे हे मुलाच्या कुतूहलावर सोडलेले असते. मोठ्यांनी साधने, सोबत आणि वेळ द्यायचा.

आपल्या शेजारचे उदाहरण गोव्याचे आहे. राहुल अल्वारिस या मुलाने १९९५ मध्ये दहावी झाल्यावर वर्षभर कॉलेजात नाव घातले नाही. म्हापशाच्या शोभिवंत माशांच्या दुकानात तो काम शिकला, पुण्याच्या सर्पोद्यानात राहिला, चेन्नईजवळच्या मगर-केंद्रात गेला आणि वाटेत डायरी लिहीत राहिला. त्यातून झालेले 'फ्री फ्रॉम स्कूल' हे पुस्तक १९९९ मध्ये निघाले. मुंबईची मालविका जोशी तर सातवीनंतरच शाळेबाहेर पडली. माहितीशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तिने तीन पदके मिळवली आणि २०१६ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत तिला प्रवेश मिळाला. बारावीचे प्रमाणपत्र नसल्याने आयआयटीचे दार मात्र तिला बंद होते. हेही आम्ही भाचीला सांगितले.

मग एक करार झाला. सुट्टीचे वेळापत्रक आम्ही करायचे नाही. तिने विचारल्याशिवाय काही शिकवायचे नाही.

पहिले चार दिवस ती उशिरापर्यंत झोपली आणि उरलेला वेळ मोबाइलवर गेला. आमचा धीर सुटत चालला होता. पाचव्या दिवशी संध्याकाळी आम्ही किल्ल्याच्या बाजूने खाडीवर फिरायला गेलो. पोर्तुगीजांचा हा किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांकडे आला. त्याच्या पायथ्याशी उल्हास नदी खाडी होऊन वसईकडे जाते. काठाला तिवरांची दाटी आहे. चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली त्यांची श्वासमुळे आणि त्यांमधून उड्या मारणारे निवटे बघत ती तासभर उभी राहिली. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला गेलो, तर पाणी कालच्यापेक्षा मागे होते. "काल याच वेळेला ती मुळं बुडाली होती ना?" तिने विचारले.

इथे आमची चूक झाली. घरी येताच आम्ही संत्रे, चेंडू आणि टेबललॅम्प मांडून चंद्र, पृथ्वी, सूर्य असे चाळीस मिनिटांचे व्याख्यान दिले. तिने ते नीट ऐकून घेतले आणि पुढचे दोन दिवस खाडीचे नाव काढले नाही. तिने विचारले होते फक्त एवढेच, की पाणी काल इथवर होते ना? त्याचे उत्तर खाडीपाशी मिळणार होते. आम्ही न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देऊन तिचा प्रश्न संपवून टाकला होता.

तो पुन्हा जिवंत केला काठावरच्या एका होडीवाल्या काकांनी. ते तिला म्हणाले, "तिथीची पाऊणपट कर, भरतीची वेळ कळेल." कोकण किनाऱ्यावरचा हा जुना हिशेब आहे. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाच्या सुमारास. तिने कॅलेंडर काढले, काकांकडून एक बांबू रोवून घेतला, त्याला वीत-वीत अंतरावर रंगीत दोरे बांधले आणि वही सुरू केली.

दहा दिवसांत वहीत दोन गोष्टी दिसू लागल्या. भरती रोज पाऊण तासापेक्षा थोडी जास्त पुढे सरकत होती. आणि काकांच्या हिशेबापेक्षा इथे पाणी दर वेळी उशिराच चढत होते. आता ती आमच्याकडे आली. या वेळी आम्ही फक्त विचारले, "चंद्र एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत किती दिवस घेतो?" साडेएकोणतीस. ३६० अंशांना २९.५ ने भागले की दिवसाला सुमारे १२ अंश. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात, म्हणजे चंद्राला गाठायला रोज साधारण ४९ मिनिटे जास्त. तेवढ्या वेळात चंद्र आणखी थोडा पुढे जातो, म्हणून ५० धरू. पाऊणपटीच्या हिशेबात ४५ मिनिटे येतात. "काकांचा हिशेब बरोबर आहे, पण तोंडी करता यावा म्हणून सोपा केलाय," हा निष्कर्ष तिचा.

दुसऱ्या गोष्टीसाठी एके दिवशी आमच्यापैकी एकजण वसईच्या जेट्टीवर उभा राहिला आणि दुसरा तिच्याबरोबर घोडबंदरला. फोनवर वेळा जुळवल्या. भरती आधी वसईला झाली. समुद्राचे पाणी खाडीतून आत यायला वेळ घेते, हे तिला कोणी सांगावे लागले नाही.

मग जूनमध्ये काय करायचे? आम्ही तिला तिसरी गोष्टही सांगितली, कारण ती सांगितली नाही तर चित्र अपुरे राहते. याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डी आणि कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शाळा मुलांच्या दारी नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली, कारण ती मुले गुरे सोडून वर्गात येऊ शकत नव्हती. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले आणि ६ ते १४ वयाच्या मुलांना तसा हक्क मिळाला तो २००९ च्या कायद्याने. ज्याला शाळा मिळालीच नाही त्याचे शाळेबाहेर असणे आणि ज्याच्या घरी पुस्तके, फोन व रिकामा वेळ असलेले मामा-मामी आहेत त्याचे शाळा सोडणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. तिचे आई-वडील दोघेही नोकरी करतात. दिवसभर सोबत कोण असेल? हा प्रश्न तिने स्वतःच मांडला. मुक्त विद्यालयातून दहावीची परीक्षा वयाच्या चौदाव्या वर्षापासून देता येते, म्हणजे विचार करायला वेळही आहे.

ती शाळेत परत गेली आहे. हा आमचा विजय नव्हे आणि तिची हारही नव्हे. तिने आईकडे एक अट घातली: रविवार तिच्या वहीचा, त्या दिवशी शिकवणी नाही. आईने ती मान्य केली.

शिक्षकांनी शाळा बंद कराव्यात असे आम्ही अर्थातच सुचवत नाही. पण आठवड्यातली एखादी तासिका, जिच्यातला प्रश्न मुलांचा असेल आणि तो पुढच्या आठवड्यातही चालू राहू शकेल, अशी ठेवता येईल का? किनाऱ्यावरच्या शाळेला बांबू आणि दोरा पुरे. देशावरच्या शाळेला अंगणातली सावली आहे. कठीण भाग साधनांचा नाही. आपल्याला उत्तर माहीत असताना गप्प बसणे कठीण आहे, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

जाताना तिने वहीचे शेवटचे पान दाखवले. "मामा, एकाच दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या का नसतात?" उत्तर आम्हाला ठाऊक आहे. दिवाळीत ती पुन्हा येणार आहे आणि काकांनी बांबू तसाच ठेवला आहे. तोवर आम्ही काही सांगणार नाही.