रांगेचा कारभारी

नवरात्रात तुळजापूरला जाऊन आलेल्या माणसाला रांगेचे महत्त्व सांगावे लागत नाही. धर्मदर्शनाची रांग लांबच लांब. लांबूनच देवीचे मुख पाहून परतणाऱ्यांची रांग निराळी. गाभारा एक आणि भाविक हजारो, म्हटल्यावर कोणाला केव्हा आत सोडायचे हे कोणीतरी ठरवावेच लागते. पुण्यातल्या महासंगणकांपुढेही रोज हाच प्रश्न असतो, आणि त्याचा धागा थेट धाराशिव जिल्ह्यातल्या पेरणीपर्यंत पोहोचतो.

महासंगणक म्हणजे एकच अजस्र यंत्र नव्हे. हजारो प्रोसेसर एकमेकांना जोडून एका कामाला जुंपलेले असतात. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या 'सी-डॅक'ने १९९१ साली घडवलेला 'परम ८०००' याच तत्त्वावरचा. अशा यंत्राकडून बटण दाबताच उत्तर मिळत नाही. शास्त्रज्ञ आपली मागणी लिहून देतो : इतके प्रोसेसर, इतकी मेमरी, इतके तास. मग काम रांगेत लागते. यालाच 'बॅच जॉब' म्हणतात. पद्धत जुनीच आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली 'सीडीसी ३६००' हा संगणक आला, तेव्हा संशोधक भोके पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा देत आणि छापील उत्तराची वाट पाहत. आता गठ्ठ्याच्या जागी छोटी फाइल आली आणि रांग सांभाळणाऱ्या माणसाच्या जागी 'स्लर्म'सारखी आज्ञावली.

हा कारभारी मोठा हिशेबी असतो. तो प्रत्येक कामाला क्रमांक देतो. ज्याने अलीकडे यंत्र भरपूर वापरले, त्याला तो थोडे मागे ठेवतो. पाचशे प्रोसेसर मागणारे काम जागा रिकामी होण्याची वाट पाहत असेल, तर तेवढ्या अवधीत संपणारी छोटी कामे तो मधल्या फटीत उरकून घेतो. मोठ्याची पाळी मात्र ढळू देत नाही. म्हणून गरजेपेक्षा फार जास्त मागणारा ताटकळतो. कमी वेळ मागणाऱ्याचे काम मुदत संपताच अर्ध्यावर तोडले जाते. जाणते संशोधक अंदाजाला थोडी पुस्ती जोडून वेळ मागतात आणि अधूनमधून काम जतन करून ठेवतात. तोडले गेले तरी पुन्हा पहिल्यापासून आरंभ नको.

पण काही कामांना वाट पाहणे परवडत नाही. उद्याच्या पावसाचा अंदाज परवा हाती आला तर त्याचा उपयोग काय? म्हणूनच हवामानकेंद्रांत रोजच्या अंदाजाला संशोधनाच्या कामांपुढे अग्रक्रम असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत २०१८ साली 'प्रत्युष' आणि २०२४ साली 'अर्क' हा महासंगणक आला. मे २०२५ मध्ये देशाचा अंदाज बारा किलोमीटरऐवजी सहा किलोमीटरच्या चौकटींवर काढण्याची प्रणाली सुरू झाली. सुमारे साडेसात हजार चौरस किलोमीटरच्या धाराशिव जिल्ह्यात पूर्वी जेमतेम पन्नास चौकटी बसत. आता दोनशेच्या आसपास बसतात. चौकटी चौपट झाल्या आणि आकडेमोडीचे टप्पेही जवळजवळ आणावे लागले. त्यामुळे एकूण काम साधारण आठपट वाढते.

हा खटाटोप कशासाठी, हे कळंब-वाशीच्या शेतकऱ्याला विचारावे. पहिल्या सरीवर सोयाबीन पेरले आणि पावसाने दडी मारली, की दुबार पेरणी कपाळी येते. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये भूम-परंड्याने पुराचे पाणी शिवारात शिरलेले पाहिले. अर्थात सहा किलोमीटरची चौकट म्हणजे आपला बांध नव्हे. पुरेशी ओल, म्हणजे ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरावे, हा कृषी खात्याचा सल्ला महासंगणक आला तरी मोडीत निघत नाही.

यंत्र कितीही मोठे झाले तरी मागणारे त्याहून वाढतात. वेगाइतकीच, किंबहुना वेगाहून अधिक, गरज असते ती न्याय्य वाटणीची. कोणाचे काम थांबू शकते आणि कोणाचे नाही, हा विवेक मात्र यंत्राला माणसानेच शिकवायचा असतो. पाण्याच्या टँकरपुढे घागर घेऊन उभ्या राहिलेल्या जिल्ह्याला हे निराळे सांगायला नको.