बर्विक ते ईस्टबर्न : बाबांबरोबर बावीस किलोमीटर



भारतातून आईबाबा आले की त्यांना कुठे न्यायचं, हा इथल्या घरोघरचा प्रश्न. लंडन आय झालं, विंडसर झालं, देऊळ झालं, वेंबलीतली खरेदी झाली की यादी संपते. मग उरलेले महिने ते खिडकीतून समोरचं पार्किंग बघत बसतात. यंदा आमच्याकडेही तेच चाललं होतं. आई गेल्या वर्षी गेली. त्यानंतर बाबा पहिल्यांदाच एकटे आले. वय ७२, पण तरुणपणी सह्याद्री पालथा घातलेला माणूस. हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने चढलेले! फ्लॅटमध्ये मात्र दिवसाला चार वाक्यं बोलत. म्हणून मेमधल्या एका शनिवारी त्यांना साउथ डाउन्स वेचा शेवटचा टप्पा चालायला नेलं.

साउथ डाउन्स वे म्हणजे विंचेस्टर ते ईस्टबर्न अशी १६० किलोमीटरची पायवाट, १९७२ साली सुरू झालेली. आम्ही लंडनहून लुईसला गाडी बदलून बर्विक या छोट्या स्टेशनावर उतरलो. सव्वानऊला चालायला सुरुवात. पहिलं गाव आल्फ्रिस्टन. तिथलं क्लर्जी हाउस हे नॅशनल ट्रस्टने विकत घेतलेलं पहिलं घर, १८९६ साली, १० पौंडांना! "दहा पौंडांत हल्ली काय येतं?" बाबांनी विचारलं. मी म्हटलं, दोन कॉफ्या आणि एक केक. :-)

पुढे कुकमिअर नदीच्या काठाने लिट्लिंग्टन. पलीकडच्या टेकडीवर खडूच्या जमिनीत कोरलेला पांढरा घोडा दिसतो, तो १९२४ सालचा. तिथून फ्रिस्टनच्या जंगलात शिरलो. हे जंगल दिसतं पुरातन, पण आहे विसाव्या शतकात लावलेलं, मुख्यतः बीचच्या झाडांचं. मेमध्ये कोवळी पालवी इतकी पोपटी असते की खालची सावलीसुद्धा हिरवी वाटते. बाबा झाडांच्या खोडांना हात लावत चालले होते. वेस्टडीनपाशी लाकडी पायऱ्यांनी खाली उतरायचं आणि लगेच समोरचा चढ चढायचा. वर एक दगडी भिंत ओलांडली की जंगल एकदम संपतं आणि खाली कुकमिअरची नागमोडी वळणं, त्यामागे समुद्र! इथे बसून दशम्या आणि तिळाची चटणी खाल्ली.

एक्सीटला हमरस्ता ओलांडला की सेव्हन सिस्टर्सची खरी परीक्षा. पहिली बहीण हेवन ब्राउ सर्वांत उंच, ७७ मीटर. सिंहगड चढणाऱ्याला ७७ मीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण चढ, उतार, पुन्हा चढ असं ओळीने सात वेळा करायचं असतं. हे उतार म्हणजे हिमयुगातल्या कोरड्या दऱ्या. तेव्हा जमीन गोठलेली असल्याने वितळलेलं पाणी वरूनच वाहिलं आणि त्याने दऱ्या कोरल्या. पुढे समुद्राने त्यांची टोकं कापली, म्हणून कड्याची कड अशी लाटेसारखी दिसते.

"हा सगळा खडू?" बाबांचा प्रश्न. हो, सगळा खडू, म्हणजे समुद्रातल्या सूक्ष्म शैवालांची कवचं साचून बनलेला खडक. वय आठ कोटी वर्षांच्या वर. आपल्या सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. म्हणजे हा भुसभुशीत पांढरा कडा आपल्या कोकणकड्यापेक्षा वयाने मोठा! बाबांना हे फारसं पटलं नाही. "वय असेल, पण दम नाही," म्हणाले.

ते खरंच आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार हे कडे हजारो वर्षं वर्षाला २ ते ६ सेंटिमीटर मागे सरकत होते. गेल्या दीडशे वर्षांत तोच वेग २२ ते ३२ सेंटिमीटर झालाय. शिवाय ही सरासरी झाली, प्रत्यक्षात मोठाले तुकडे एकदम कोसळतात. गवताची कड वरून भक्कम दिसते, खाली पोकळ असू शकते. २०१७ साली फोटोसाठी कड्याजवळ उडी मारणारी एक परदेशी विद्यार्थिनी इथे दगावली. तेव्हा मुलांना, आणि सेल्फीवाल्या मोठ्यांनासुद्धा, कडेपासून लांब ठेवा.

चौथ्या टेकडीवर दम खायला बसलो तेव्हा मी विषय काढला. "बाबा, इकडेच राहायचं का?" आईवडिलांसाठी एक व्हिसा आहे, पण २०१२ पासून त्याचे नियम फार कडक आहेत, हेही सांगितलं. आंघोळ, कपडे, स्वयंपाक अशा रोजच्या कामांना दीर्घकाळ दुसऱ्याची मदत लागते आणि ती भारतात मिळत नाही किंवा परवडत नाही, असं सिद्ध करावं लागतं. बाबा खाली समुद्राकडे बघत ऐकत होते.

"म्हणजे मी चालतोय तोवर राहायला मिळणार नाही, आणि राहायचं तर लुळं व्हायला पाहिजे?"

"जवळजवळ तसंच."

"मग मी आपला चालतो!" आणि उठलेच. दोन पावलांवर थांबून म्हणाले, "घर रिकामं आहे हे खरं. पण सकाळी फिरायला येणारे आम्ही सहा जण आहोत, तिथे माझी वाट बघतात. तू वर्षातून दोनदा ये. आठवडाभर नाही, चांगला महिनाभर. लॅपटॉप घेऊन ये हवं तर." आईबद्दलही ते त्या दिवशी पहिल्यांदा मोकळेपणाने बोलले, पुढच्या तिन्ही टेकड्या. मी मुख्यतः ऐकत होतो.

बर्लिंग गॅपला चहा. पुढे बेल टूटचं जुनं दीपगृह. कडा जवळ येत चालला म्हणून १९९९ साली ही अख्खी इमारत १७ मीटर आत सरकवली. मग बीची हेड, १६२ मीटर, ब्रिटनमधला सर्वांत उंच खडूचा समुद्रकडा. खाली पाण्यात लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं १९०२ सालचं दीपगृह. पावणेसातला ईस्टबर्न. गाडीत बसल्याबसल्या बाबा झोपले.

ऑफिसात मी दोनदा महिनाभर भारतातून काम करायचं विचारलंय. एकदाचं मंजूर झालंय, दुसऱ्याचं बघू.

जाणाऱ्यांसाठी थोडक्यात : अंतर सुमारे २२ किलोमीटर, थांबे धरून नऊ-साडेनऊ तास. पाणी भरपूर घ्या, टेकड्यांवर सावली अजिबात नाही. पाऊस पडला की ओला खडू साबणासारखा निसरडा होतो, बूट चांगले हवेत. कुणी थकलंच तर एक्सीटहून ब्रायटन-ईस्टबर्न बस मिळते, वेळापत्रक आधी पाहून ठेवा. आणि ज्यांचे आईबाबा सध्या इथे आहेत त्यांनी "त्यांना झेपेल का?" हे स्वतःशी ठरवून टाकू नये. त्यांनाच विचारावं.